दस्तरखानावरची भाजी-भाकरी

मुसलमानाचे जेवण म्हटले की आपल्याकडे एकच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. मोठी डेग, झाकणावर ठेवलेले निखारे, बिर्याणीचा दरवळ आणि ताटाभोवती जमलेली पाहुणेमंडळी. हे चित्र खोटे नाही. आमच्या ईदेला, लग्नाला, अकीक्याला, गावच्या उरुसाला डेग चढते आणि ती चढलीच पाहिजे. पण वर्षातले असे दिवस बोटांवर मोजता येतात. उरलेल्या दिवसांत आमच्या घरांत काय शिजत होते, कोण शिजवत होते, ती भाजी कोणत्या मळ्यातून येत होती, याची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही. इतिहास लिहिणाऱ्यांनी बादशहांचा मुदपाकखाना पाहिला आणि पर्यटकांनी शहरातल्या खाऊगल्ल्या पाहिल्या. खेड्यातल्या मुलाण्याच्या, ताांबोळ्याच्या, पिंजाऱ्याच्या, बागवानाच्या घरातली चूल दोघांनाही दिसली नाही.

आम्ही या लेखात त्या चुलीकडे पाहणार आहोत. एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट केलेली बरी. आम्हीही भाजी खातो, सबब आम्हांला चांगले म्हणा, असे प्रमाणपत्र मागण्यासाठी हा खटाटोप नाही. मांस खाणाऱ्याने कोणाची माफी मागण्याचे कारण नाही. पण एखाद्या समाजाचे वर्षभराचे जेवण बाजूला सारून सणाचे जेवण तेवढे त्याची ओळख म्हणून सांगितले, तर तो समाज इथल्या मातीत राबणारा वाटतच नाही. तो कायमचा मेजवानीला आलेला पाहुणा वाटतो. प्रश्न आहे तो इथे.

सुरुवात ताटापासूनच करू. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे एखाद्या दखनी बोलणाऱ्या घरात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि दुधी घातलेली आंबट डाळ असे जेवण असेल, तर ते शेजारच्या मराठा, माळी किंवा धनगर घरातल्या जेवणापेक्षा फारसे वेगळे दिसणार नाही. हे जेवण इथलेच, अस्सल देशी, असे आपण सगळेच मानतो. वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक मात्र सांगतात की ज्वारी मूळची आफ्रिकेतली, बाजरीही तिकडचीच. अंबाडी आफ्रिकेतून आली. दुधीचे मूळही आफ्रिकेतच शोधतात आणि चिंचेचेही. ही पिके हजारो वर्षांपूर्वी इकडे आली, इथल्या काळ्या जमिनीत रुजली आणि इतकी इथली झाली की चिंच जेव्हा अरबांच्या हाती गेली, तेव्हा त्यांनी तिला ‘तमर हिंदी’ म्हणजे हिंदुस्थानी खजूर असे नाव दिले. कांदा, लसूण, गाजर मध्य आशिया आणि इराणच्या बाजूने आले. वांग्याचा प्रवास याच्या उलट. ते आपल्याच बाजूचे. संस्कृतातल्या ‘वातिंगण’ या शब्दाचे फारसीत ‘बादिंगान’ झाले, अरबीत ‘बादिंजान’ झाले, अरबांबरोबर ते स्पेन-पोर्तुगालपर्यंत गेले आणि पोर्तुगिजांच्या तोंडून इंग्रजीत ‘ब्रिंजल’ होऊन पुन्हा आपल्याकडे परतले. भाजीच्या टोपलीत कोण इथला आणि कोण बाहेरचा, हे ठरवायला बसलो तर टोपली रिकामी होईल.

आता जी भाजी आम्हांला सर्वांत ओळखीची वाटते तिच्यातली मिरची घ्या. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज 1498 मध्ये कालिकतला उतरले, 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला आणि त्यानंतर ती आपल्या किनाऱ्यावरून आत शिरली. त्याआधी तिखटपणा होता तो मिऱ्याचा आणि आल्याचा. मिऱ्यासारखी तिखट म्हणून आपण तिला मिरची म्हणालो. बटाटाही त्याच खंडातला, आणि ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीज आहे. शेंगदाणाही तिकडचा. टोमॅटो तर घरोघर पोचला तो फार उशिरा. म्हणूनच जुन्या वळणाच्या आमच्या घरांत सालनाला आंबटपणा आणायचा तो चिंचेचा, कैरीचा, अंबाडीचा. कोकणात असाल तर कोकमाचा. आजही एखादी म्हातारी ‘टमाटे डालको सालन बिगाड्या’ म्हणून कुरकुरते, तेव्हा ती नुसती चवीची तक्रार करत नसते. टोमॅटो येण्यापूर्वीच्या काळाची साक्षच ती देत असते.

पिकांइतकेच शब्दही बोलके आहेत. मराठी शेतकरी दिवसातून कितीदा तरी ‘खरीप’ आणि ‘रब्बी’ म्हणतो. हे दोन्ही शब्द अरबी. एकाचा अर्थ शरद ऋतू, दुसऱ्याचा वसंत. ‘हंगाम’ फारसी. पाण्याखालची जमीन ती ‘बागायत’, पावसावरची ती ‘जिरायत’. पहिल्यात फारसी ‘बाग’ आहे, दुसऱ्यात अरबी ‘जिराअत’ म्हणजे शेती. ‘तरकारी’ फारसीतून आली, ‘पुदिना’ फारसीतून आला आणि भाजीत पडणारा ‘मसाला’ अरबी. हे शब्द दरबाराच्या कागदांतून आले असतील, पण ते टिकले ते बांधावर. नांगर धरणाऱ्याने, मोट हाकणाऱ्याने आणि भाजीची पाटी डोक्यावर घेणारीने ते रोज वापरले, म्हणून ते मराठी झाले.

बागायतीला लागते पाणी. दख्खनच्या इतिहासात पाण्याचे नाव निघाले की मलिक अंबरचे नाव घ्यावे लागते. हबशाण म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढे निजामशाहीचा वजीर झाला. 1610 मध्ये त्याने खडकी हे शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. या शहरासाठी त्याने उत्तरेकडच्या डोंगरांतून जमिनीखालच्या नळांनी, केवळ उताराच्या बळावर पाणी आणले. ती ‘नहर-ए-अंबरी’. शहराच्या हौदांना आणि बागांना या पाण्याचा आधार मिळाला. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धतही महाराष्ट्राच्या महसुली इतिहासात नोंदली गेली आहे. त्याच्या लढाया आम्ही शाळेत वाचल्या. पण शहरात पाणी आले की शहराभोवती भाजीचे मळे होतात आणि मळे झाले की गरिबाच्या ताटात पालेभाजी येते, हा लढाईइतकाच मोठा इतिहास आहे. हबशाणातल्या माणसाने आणलेल्या पाण्यावर आफ्रिकेतूनच कधीकाळी आलेली अंबाडी आणि दुधी इथे वाढत होती, हा योगायोगही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मुसलमान राजवटींच्या काळातल्या पाककृतींच्या ग्रंथांतही भाजी नाही असे नाही. माळव्यातल्या मांडूचा सुलतान घियासशाह (राज्यकाळ 1469 ते 1500) याच्यासाठी ‘निमतनामा’ हा सचित्र ग्रंथ लिहायला घेतला गेला आणि त्याचा मुलगा नासिरशाह याच्या काळात तो पुरा झाला. त्याची भाषा फारसी, पण पदार्थांची नावे आली की लेखकाला देशी शब्द घ्यावे लागले. खिचडी, कढी, वडा, भाजी हे शब्द त्या फारसीत येऊन बसले आहेत. मिरची, बटाटा, टोमॅटो त्यात अर्थातच नाहीत. त्यानंतर शंभर वर्षांनी अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्याचा हिशेब मांडला. त्यात पदार्थांचे तीन वर्ग आहेत आणि पहिला वर्ग मांसाशिवायच्या पदार्थांचा. त्याला नाव दिले आहे ‘सूफियाना’. अकबर ठरावीक दिवशी मांस खात नसे. त्या दिवसांचे हे जेवण. त्यात खिचडी आहे, वांग्याचे बादिंजान आहे, डाळ आहे आणि ‘साग’ म्हणजे पालेभाजीही आहे. सागाचे साहित्य पाहिले तर पालक आणि इतर पाला, तूप, कांदा, आले, मिरे, वेलदोडा आणि लवंग. तूप सढळ आहे, कारण चूल बादशहाची. तूप आणि वेलदोडा-लवंग काढून टाका आणि मिऱ्याऐवजी मिरची घाला, की आमच्या घरातली भाजी तयार. याच ग्रंथात बाजारातल्या भाज्यांचे भाव आणि त्यांचे हंगामही दिले आहेत. हिशेबनिसाला मेथी-पालकाचा भाव लिहावासा वाटला. पुढच्या इतिहासकारांना तो वाचावासा वाटला नाही.

‘सूफियाना’ हे नाव उगाच पडलेले नाही. सूफींच्या खानकाहांमध्ये साधे जेवण हा रियाजाचा भाग होता. अजोधनला, म्हणजे आज पाकिस्तानात असलेल्या पाकपट्टणला, बाबा फरीद (निधन 1265) राहत. त्यांच्या खानकाहात रानातल्या काटेरी झुडपांची ‘डेला’ नावाची फळे उकडून खाल्ली जात. चिश्ती परंपरेत एक प्रसंग सांगतात. त्या दिवशी रांधण्याचे काम तरुण निजामुद्दीन यांच्याकडे होते. मीठ संपले होते. त्यांनी ते दुकानातून उधार आणले आणि उकडलेल्या डेल्यांत घातले. बाबांनी पहिला घास उचलला आणि तिथेच हात थांबवला. मीठ कुठून आले, असे विचारले. उधारीचे आहे हे कळल्यावर त्यांनी तो घास परत ठेवला. जिभेच्या सुखासाठी कर्ज काढण्यापेक्षा दरवेशाने उपाशी मरावे, असे त्यांचे म्हणणे. आज लग्नातल्या डेगांसाठी सावकाराच्या दारात जाणारे बाप आमच्या मोहल्ल्यात कमी नाहीत. त्यांना हा प्रसंग कोणीतरी सांगायला हवा.

ही परंपरा दख्खनला परकी नाही. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब दौलताबादेस आले आणि 1337 मध्ये खुलदाबादेत दफन झाले. 1308 ते 1322 या काळातली निजामुद्दीनांची संभाषणे ज्यांनी ‘फवाइद-उल-फुआद’ या ग्रंथात टिपून ठेवली, ते कवी अमीर हसन सिजजी हेही खुलदाबादेतच विसावले आहेत. मलिक अंबरची कबरही त्याच गावात. दरवेशाचा साधा घास आणि वजिराचे पाणी दोन्ही एका टेकडीवर सापडतात. आणि तिथून दक्षिणेला, आजच्या सोलापूर जिल्ह्यातल्या अरणमध्ये, तेराव्या शतकात सावता माळी होऊन गेले. मळा सोडून देवळाकडे जाण्याची गरज त्यांना वाटली नाही. भाजीच्या वाफ्यातच त्यांना त्यांचा विठोबा भेटला. या दोन वाटांची माणसे एकमेकांना भेटली की नाही, हा वेगळा प्रश्न. पण ज्या लोकांनी पुढे या दोन्ही वाटांना मान दिला, त्यांची भाकरी एकाच शिवारातून येत होती.

धर्माच्या अंगाने पाहिले तरी भाजीला मान आहे. हजरत अनस यांची रिवायत बुखारी शरीफमध्ये आहे. एका शिंप्याने प्रेषितांना (स.) जेवायला बोलावले. जवाची भाकरी आणि दुधी व सुकवलेले मांस घातलेला रस्सा असा बेत होता. प्रेषित (स.) ताटातल्या दुधीच्या फोडी शोधून शोधून खात होते. ते पाहिल्यापासून अनस यांनाही दुधी आवडू लागला. जेवायला बोलावणारा यजमान शिंपी होता, कारागीर होता, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. आमच्याकडच्या अनेक घरांत म्हणूनच दुधीला नावे ठेवू देत नाहीत. मुलाने ताटात दुधी टाकला, की ‘कद्दू सुन्नत है बेटा’ हे वाक्य ठरलेले.

आता त्या चुलीकडे येऊ. दुधीचे सर्वांत लाडके रूप म्हणजे दालचा. तुरीची किंवा हरभऱ्याची डाळ मऊ शिजवायची, दुधीचे मोठे तुकडे टाकायचे, चिंचेचा कोळ, हळद, तिखट आणि वरून कढीपत्ता-लसणाची फोडणी. लग्नात त्यात मटण पडते आणि सोबत बगारा खाना असतो. घरातल्या दालच्यात मटण नसले तरी तो दालचाच राहतो. अंबाडीची तऱ्हा वेगळी. पाने खुडून उकडायची, पाणी पिळून टाकायचे म्हणजे फाजील आंबटपणा जातो. मग डाळ आणि ज्वारीच्या नाहीतर तांदळाच्या कण्या घालून शिजवायची, पळीने घोटायची आणि लसूण-लाल मिरचीची चरचरीत फोडणी द्यायची. मेथीत मुगाची डाळ. दोडका झाला की त्याच्या शिरा फेकायच्या नाहीत. तीळ घालून तव्यावर परतल्या की त्यांची चटणी. भरल्या वांग्याला आमच्याकडे ‘बगारे बैंगन’ म्हणतात. दाणे, तीळ, खोबरे, चिंच हे त्याचे वाटण शेजारणीच्या भरल्या वांग्याच्या वाटणाचे सख्खे भावंड. गूळ आणि गोडा मसाला तिचा, जिरे-धणे आणि कोतमीर आमची, एवढाच काय तो फरक. आणि तोही प्रत्येक घरात असेलच असे नाही.

आणि चिगूर. चिंचेला नवी पालवी फुटली की पोरे झाडावर चढायची. कोवळा पाला घरी आला की बायका तो तळहातावर चोळून काड्या काढून टाकायच्या. मग तो डाळीत पडायचा, किंवा जमले तर गोश्तात. त्याला दाम लागत नसे. झाड गावाचे आणि मेहनत आपली. ही भाजी दुकानात विकत घ्यायची असते हे आमच्या आजी-नानींना सांगितले असते, तर त्या हसल्या असत्या.

कोकणात हेच सगळे वेगळ्या चवीने घडले. अरब प्रवासी अल मसूदी 916 च्या सुमारास चौलला, त्याच्या भाषेत ‘सैमूर’ला आला, तेव्हा तिथे मुसलमानांची मोठी वस्ती त्याने पाहिली. इतक्या जुन्या वस्तीचे स्वयंपाकघर समुद्रावर आणि नारळावर उभे राहिले यात नवल नाही. पण पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात आणि ताजी मासळी थांबते. तेव्हा कोकणी मुसलमान बाईला परसबाग आणि रान आठवते. टाकळा, कुर्डू, करटोली, शेवग्याचा पाला, फणसाची कुयरी, वाल. वांग्यात किंवा दोडक्यात मूठभर सुकट पडली, वर कोकम पडले आणि सोबत तांदळाची भाकरी असली की पावसाची झड बाहेर कितीही लागू दे. देशावरची दखनी बाई आणि कोकणातली बाणकोटी बोलणारी बाई एकमेकींची भाषा चटकन ओळखणार नाहीत, पण ‘आज भाजी काय?’ हा दोघींचाही पहिला प्रश्न.

या स्वयंपाकामागे एक अर्थशास्त्र आहे आणि ते बायकांनी चालवले आहे. घरात दहा माणसे आणि पावशेर गोश्त. मग त्यात शेरभर तरकारी पडणारच. पालक-गोश्त, भेंडी-गोश्त, दोडका-गोश्त, अंबाडा-गोश्त ही नावे आज हॉटेलांच्या यादीत खास पदार्थ म्हणून दिसतात. त्यांचा जन्म काटकसरीत झाला. गोश्ताचा रस भाजीला आणि भाजीचे वजन गोश्ताला. मुलांच्या वाट्याला एकेक बोटी आणि आईच्या वाट्याला रस्सा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांत 1880 च्या दशकात पुणे, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतल्या मुसलमान जमातींची वर्णने आली आहेत. साध्या कुटुंबांच्या रोजच्या जेवणात तिथे भाकरी, डाळ आणि भाजी आहे, आणि मटण आहे ते सणासुदीचे. इंग्रज अधिकाऱ्याला जे दिसले ते पुढे आपल्याच लोकांना का दिसू नये?

याच गॅझेटिअरांत ‘बागबान’ या जमातीची नोंद आहे. इथल्याच माळी-कुणब्यांतून मुसलमान झालेले, फळे आणि भाजी पिकवणारे आणि विकणारे लोक, असे तिचे वर्णन आहे. आज आपण त्यांना बागवान म्हणतो. बाग उक्ती घ्यावी, पहाटे माल उतरवावा, पाने निवडावीत, जुड्या बांधाव्यात, दिवस उजाडायच्या आत बाजार गाठावा, हा या लोकांचा पिढ्यान् पिढ्यांचा क्रम. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट 1869 मध्ये उघडले, पुण्याची मंडई 1886 मध्ये. आज दोन्ही महात्मा फुले यांच्या नावाने ओळखल्या जातात आणि ते योग्यच आहे. शेतकऱ्याचा आसूड ज्यांनी उचलला त्यांचे नाव मंडईला शोभते. पुणे, सोलापूर, सांगली, कोल्हापूर, सातारा, कुठल्याही मंडईत जा. घरी दखनी आणि गाळ्यावर रोखठोक मराठी बोलणारा बागवान तुम्हांला भेटेलच. एकादशीला लागणारी रताळी, संक्रांतीच्या भोगीची भाजी, गौरीच्या नैवेद्याच्या सोळा भाज्या यांचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. कोणत्या सणाला कोणती भाजी किती खपेल हे ज्याला कळते, त्याला शेजाऱ्याचे पंचांगही कळते.

म्हणूनच 2020 चा एप्रिल आम्ही विसरू शकत नाही. टाळेबंदी होती, साथ पसरत होती आणि मुसलमान भाजीवाल्यांकडून भाजी घेऊ नका असे सांगणारे संदेश मोबाइलवरून देशभर फिरले. काही राज्यांत वस्त्यांच्या तोंडाशी हातगाडीवाल्यांना नाव विचारून परत पाठवले गेले. शतकानुशतके ज्या हातांनी कोथिंबिरीची जुडी बांधून दिली, ते हात एका आठवड्यात संशयाचे झाले. त्याआधी मार्च 2015 मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला होता आणि गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस गेले होते. म्हणजे मांस खाल्ले म्हणून एक गुन्हा आणि भाजी विकली म्हणून दुसरा. आमचा इतिहास आम्ही नीट सांगितला असता तर हे टळले असते, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. द्वेषाला इतिहासाची गरज नसते. पण ज्याला खरोखर माहीत नाही अशा माणसाला सांगण्यासाठी तरी आपल्याकडे काही लिहिलेले असावे की नको? त्याच महिन्यांत अनेक गल्ल्यांत रोजच्या गिऱ्हाइकांनी आपल्या भाजीवाल्याला बोलावून त्याच्याकडूनच भाजी घेतली, हेही खरे आहे आणि तेही लिहून ठेवले पाहिजे.

बाहेरचे हे संकट दिसते तरी. आतले दिसत नाही. आमच्या घरांतून ही भाजी हळूहळू निघून चालली आहे. ब्रॉयलर कोंबडी स्वस्त झाली आणि रोजच्या तरकारीची जागा तिने घेतली. आखाती देशांतून पैसा आला, तसा पाहुण्यांपुढे भाजी ठेवणे कमीपणाचे वाटू लागले. शहरात वाढलेल्या मुलींना चिगूर माहीत नाही, अंबाडी आणि चुका यांतला फरक कळत नाही. मसाल्याची पुडी आली आणि सगळ्या सालनांची चव एकसारखी झाली. वयस्क माणसांना मधुमेह आणि रक्तदाब जडल्यावर डॉक्टर हातात कागद देतात: पालेभाजी खा, दुधी खा, ज्वारीची भाकरी खा, तेल कमी करा. नानी जे पुण्य म्हणून वाढत होती, ते आता औषध म्हणून परत येते आहे.

आमच्या साहित्यातही ही चूल कमी दिसते. कथा-कादंबऱ्यांत तलाक येतो, दंगल येते, मशीद येते आणि ते यायलाच हवे. पण उन्हात पाटीभर मेथी निवडत बसलेली बाई, शेजारणीला वाटीभर दालचा देणारी आणि त्या वाटीतून परत पुरणपोळी घेणारी बाई, हाही आमचाच इतिहास आहे. तो कुठल्याच फर्मानात नाही, कुठल्याच शिलालेखावर नाही. तो तिच्या हातात आहे आणि ती गेली की तो जातो.

तेव्हा वाचकांना आमची एक साधी विनंती आहे. तुमच्या घरात साठी ओलांडलेली जी कोणी अम्मी, फुफी, खाला, आजी असेल तिच्याजवळ वही घेऊन बसा. तिला बिर्याणी विचारू नका. ती सगळ्यांनीच विचारली आहे. पावसाळ्यात कोणता पाला आणत होता, त्याला दखनीत काय म्हणत आणि मराठीत काय, तो कोणाच्या शेतातून यायचा, आंबटाला काय घालत, गोश्त नसेल तेव्हा काय करत, कोणाकडून शिकलात, हे विचारा. सांगेल ते तिच्याच बोलीत लिहून घ्या. मापे विचारली तर ती ‘अंदाजानं’ म्हणेल. तेही तसेच लिहा. अशा शंभर वह्या गोळा झाल्या तर महाराष्ट्रातल्या मुसलमानांच्या घरगुती इतिहासाचा पहिला दप्तरखाना तयार होईल. आणि वही भरेपर्यंत बाजारात अंबाडी आली असेल, तर दोन जुड्या घेऊन घरी या.